एस ३५० सीडीआयच्या बिलाबद्दल आलेल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला गॅरेजतर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी तीन आहेत. 'दोन रबरी सील बदलायचे ऐंशी हजार घेतले', 'एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर आमच्याकडे टाकून तीन महिन्यांत गेला आणि आम्ही वॉरंटी नाकारतोय' आणि 'गाडी तीन आठवडे अडकवून ठेवली'. शेवटी 'लुटारू' असा शब्द आहे. त्या शब्दाबद्दल काही लिहीत नाही. बाकीचं लिहितो, कारण ही गाडी सेकंडहँड घेणारे बरेच जण आमच्याकडे येण्याआधी हे रिव्ह्यू वाचतात.

गाडी २०११ची मर्सिडीज एस ३५० सीडीआय, डब्ल्यू २२१ बॉडी, तीन लिटरचं व्ही-सिक्स डिझेल. मे महिन्यात आली तेव्हा खालून ऑइल टपकत होतं आणि रात्रभर उभी राहिली की डावा पुढचा कोपरा बसत होता. ऑइलबद्दल आधीच्या गॅरेजने तुम्हाला क्रँकचं मागचं सील, म्हणजे इंजिनच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचं सील, गेल्याचं सांगितलं होतं. गिअरबॉक्स उतरवून पंचवीस-तीस हजारांत काम होईल, असं. त्या मिस्त्रीलाही फार दोष देत नाही, कारण थेंब खरोखरच इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडातून पडतो. पण या इंजिनात ऑइल कूलर वर, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खाचेत बसवलेला आहे. त्याची सील गेली की ऑइल आधी त्या खाचेत साचतं, मग मागच्या बाजूने ओघळून नेमकं गिअरबॉक्सच्या तोंडाशी येतं. आम्ही मागून कॅमेरा घालून खाचेत साचलेल्या ऑइलचा फोटो काढला आणि तो तुम्हाला त्याच दिवशी पाठवला. गिअरबॉक्स उतरवला असता तर पैसे गेले असते आणि थेंब तसाच राहिला असता.

आता 'दोन सील'. खरं आहे, सील स्वस्तच आहेत. पण तिथपर्यंत पोचायला टर्बो काढावा लागतो, दोन्ही बाजूंचं इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारी नळकांडी) काढावं लागतं, त्यांची सगळी गॅस्केटं नवीन टाकावी लागतात, कूलंट आणि ऑइल उतरवावं लागतं. तुमच्या गाडीत कंपनीची मूळची केशरी सील होती, उष्णतेने चपटी आणि कडक झालेली. नखाने दाबली तर तुकडा पडत होता. नंतर कंपनीने सुधारित सील आणली, ती जांभळी येतात. तीच टाकली आहेत. बिलात सील आणि गॅस्केटं मिळून ९,२०० आहेत, ऑइल-फिल्टर-कूलंट १६,८०० आणि लेबर ३२,०००.

बिलातले आणखी २४,५०० स्वर्ल फ्लॅपच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा घुसळणाऱ्या झडपांच्या, मोटरचे. तुम्ही लिहिलंय की ही मोटर 'न विचारता' टाकली. व्हॉट्सअॅपवर तुमचा 'ओके करा' असा मेसेज आहे. मोटर टर्बोच्या तोंडाखालीच बसते. टर्बोच्या तोंडाच्या रबरी सीलमधून ऑइलची वाफ झिरपते, ती थेंबाथेंबाने मोटरवर पडते आणि मोटर मरते. मग चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी लिंप मोडमध्ये जाते आणि पळत नाही. तुमच्या स्कॅनमध्ये त्याचाच कोड होता. तुमच्या मित्राने सुचवलेला रेझिस्टरचा जुगाड आम्हालाही माहीत आहे. पन्नास रुपयांत होतो, दिवा जातो, कॉम्प्युटरला वाटतं मोटर आहे. फ्लॅप मात्र हलत नाहीत. आमच्याकडे तो करत नाही, कोणी मागितला तरी. आणि मॅनिफोल्ड उघडं असतानाच मोटर बदलली नाही तर पुढच्या वेळी तेच ३२,०००चं लेबर पुन्हा.

खरा वाद कॉम्प्रेसरचा आहे, म्हणून तो नीट सांगतो.

एस-क्लासला चारही कोपऱ्यांना हवेवर चालणारे शॉकअप आहेत. त्यांच्यात हवा धरणारा रबरी बलून असतो, त्याची घडी जिथे दुमडते तिथे वयाने चिरा पडतात. तुमच्यासमोर स्टीअरिंग पूर्ण वळवून डाव्या पुढच्या बलूनवर साबणाचं पाणी मारलं होतं. साबुदाण्याएवढे बुडबुडे तुम्ही स्वतः पाहिलेत. हवा गळत राहिली की गाडी वर धरायला बलूनमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर सारखा चालतो. तो थोडा वेळ चालून बंद व्हायला बनवलेला आहे, तासन् तास चालायला नाही. तापतो, आतली रिंग झिजते, कधी रिलेही चिकटतो आणि मग गाडी बंद केली तरी तो घरघरत राहतो. तुमचा मूळचा कॉम्प्रेसर असाच गेला होता.

म्हणून आम्ही शॉकअप आणि कॉम्प्रेसर एकत्र बदलायचं कोटेशन दिलं. एका पुढच्या ओरिजिनल शॉकअपचे १,३८,००० ऐकून तुम्ही थांबलात. ते समजू शकतो. दुसऱ्या ब्रँडचा ६५,०००चा पर्यायही दिला. घरात कार्य होतं, गाडी उभी राहिली पाहिजे होती, तेव्हा 'आत्ता फक्त कॉम्प्रेसर टाका, शॉकअप दिवाळीनंतर बघू' असं ठरलं. जॉब कार्डवर तुमच्या सहीच्या वर लिहिलेलं आहे: 'डावा पुढचा बलून लीक. तो न बदलता कॉम्प्रेसर टाकल्यास पुन्हा खराब होऊ शकतो. अशा वेळी कॉम्प्रेसरला वॉरंटी नाही.' कॉम्प्रेसरवर एरवी आम्ही सहा महिने देतो. ऑगस्टमध्ये तो गेला. उघडून पाहिला तेव्हा आत तसाच जळका वास, तशीच रिंग. तो फुकट बदलून दिला तरी बलून गळतोच आहे, तिसराही जाईल.

तीन आठवड्यांबद्दल: स्वर्ल फ्लॅपची मोटर बाहेरून मागवली होती, ती यायलाच बराच वेळ गेला. कुर्ल्याहून वापरलेली दोन दिवसांत मिळाली असती, पण तुम्हीच 'जुना पार्ट नको' म्हणाला होतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो. नवी असताना पाऊण कोटीच्या वरची ही गाडी तुम्हाला साडेनऊ लाखांत मिळाली. पार्ट मात्र साडेनऊ लाखांच्या गाडीच्या भावात मिळत नाहीत. कोणी अशी गाडी घ्यायच्या आधी विचारायला आलं, तर आम्ही त्याला गाडीच्या किमतीवर पहिल्या वर्षासाठी दोन-तीन लाख वेगळे ठेवायला सांगतो आणि रात्रभर उभी करून सकाळी चारही कोपरे बघायला सांगतो. तुम्ही गाडी घेतल्यानंतर आलात.

आता पुढचं. ६५,०००च्या शॉकअपचं कोटेशन आम्ही जुन्याच भावात धरतो. तो बसवलात तर कॉम्प्रेसरचं लेबर, ६,०००, घेणार नाही. कॉम्प्रेसरचे पैसे मात्र पडतील. नव्या कॉम्प्रेसरला पूर्ण सहा महिने वॉरंटी, लेखी. दोन्ही जुने कॉम्प्रेसर आणि ती केशरी सील तुमच्या गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून गॅरेजमध्ये ठेवली आहेत. दुसऱ्या कुठल्याही मिस्त्रीला घेऊन या आणि दाखवा.

तोवर कोपरा बसलेला असताना गाडी चालवू नका, टायर आतून फेंडरला घासतो. आणि टोइंगवाल्याला फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) पाठवायला सांगा, पुढची चाकं उचलून आणू देऊ नका.