कुत्रा चावल्यावर जखमेत देतात ते इंजेक्शन डीएनए बदलत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: कुत्रा चावल्यावर जखमेत जे नवीन इंजेक्शन देतात ते माणसांचे जीन्स वाचून लॅबमध्ये बनवलेलं असतं, ते घेतलं की आपला डीएनए बदलतो. पूर्वीचं घोड्याचं औषध नैसर्गिक होतं. आमचं रक्त नेऊन हे सगळं चाललंय. तेव्हा दंडातली लस तेवढी घ्या, जखमेतली सुई नको म्हणा.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हा शेवटचा सल्ला कुणी ऐकला तर जीव जाऊ शकतो, कारण रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"जीन्स वाचून बनवलं, म्हणजे जीन्स बदलणारच." सगळ्या भीतीचं मूळ इथे आहे. जखमेत देतात त्या सुईत तयार अँटीबॉडी असतात. अँटीबॉडी म्हणजे विषाणूला पकडणारं प्रथिन. आपल्या रक्तातल्या बी पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, ते बनवतात आणि जवळपास प्रत्येक पेशीची अँटीबॉडी वेगळी असते. हे वेगळेपण येतं कुठून? हाडांच्या मज्जेत बी पेशी तयार होताना स्वतःच्या डीएनएचे ठरावीक तुकडे कापून नव्या क्रमाने जोडते. सुसुमु तोनेगावा यांनी हे दाखवलं आणि त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. म्हणजे डीएनएची ही कापाकापी तुमच्या-माझ्या शरीरात जन्माआधीपासून चालू आहे, त्याला कुठलंही इंजेक्शन लागत नाही.

संशोधक काय करतात? अनेकदा आजारातून बरा झालेल्या माणसाच्या रक्तातून विषाणूला नेमकी पकडणारी बी पेशी वेगळी काढतात. तिच्या अँटीबॉडीच्या दोन साखळ्यांचा, जड आणि हलक्या साखळीचा, जनुकीय मजकूर वाचतात. तोच मजकूर कारखान्यात वाढवलेल्या पेशींना देतात, बहुतेक वेळा त्या हॅमस्टरच्या असतात. त्या पेशी प्रथिन बनवतात, ते गाळून शुद्ध करतात आणि बाटलीत भरतात. जनुक कारखान्यातच राहतं, बाटलीत येतं ते प्रथिन. शेताचा उतारा कुणी वाचला म्हणून बांध सरकत नाही, तसंच हे.

ते प्रथिन काही आठवड्यांत शरीरात विरघळून जातं. आईच्या अँटीबॉडी नाळेतून बाळाला मिळतात, बाळाचं पहिल्या काही महिन्यांचं संरक्षण त्यांवरच चालतं. त्यांनी बाळाचा डीएनए बदलत नाही, मग या इंजेक्शनने कसा बदलेल?

"आमचं रक्त नेऊन." सीरम इन्स्टिट्यूटची रेबीजवरची अशी अँटीबॉडी भारतात २०१७ पासून मिळते. तिचा शोध कुणा रुग्णाच्या रक्तातून लागलेला नाही. मानवी अँटीबॉडीची जनुकं घातलेल्या उंदरांपासून ती मिळवली.

माणसाच्या रक्तातून मिळालेली औषधंही आहेत, आणि त्यांचा मला अभिमान वाटतो. काँगोतल्या किकविट शहरात १९९५ साली इबोलाची साथ आली. त्यातून वाचलेल्या एका माणसाचं रक्त अकरा वर्षांनी घेतलं, तरी त्याच्या बी पेशींना तो विषाणू आठवत होता. त्यांतल्या एका अँटीबॉडीपासून बनलेल्या औषधाला डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. एका माणसाच्या शरीराने शिकलेली गोष्ट आता अनोळखी रुग्णांना वाचवते.

तरी रक्त देणाऱ्याला विचारलंच पाहिजे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमावलीप्रमाणे संशोधनासाठी नमुना घेताना संमती लागते, आणि माहिती समजेल अशा भाषेत द्यावी लागते. आपल्या भागात फॉर्म मराठीत मागा. तो हक्क आहे, तिथे संकोच नको.

"घोड्याचं औषध नैसर्गिक." घोड्याला मुद्दाम लस टोचून त्याच्या रक्तातून ते काढतात, त्यावरही कारखान्यात प्रक्रिया होते. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोने एके काळी देवीची लस पुरवली, प्राण्यांपासून औषध घेणं बेळगावला नवं नाही. घोड्याच्या प्रथिनाची काहींना ॲलर्जी येते, एवढंच. केंद्रात तेच असेल तर बेलाशक घ्या. सापाच्या विषावर तर आजही घोड्याचंच औषध आहे. बेंगळुरूच्या आयआयएससीने (भारतीय विज्ञान संस्थेने) परदेशी सहकाऱ्यांबरोबर २०२४ मध्ये नाग-मण्यारीच्या विषातल्या घटकांच्या एका गटावर मानवी अँटीबॉडी शोधली, पण तिची चाचणी उंदरांवर झाली आहे. खानापूरच्या शिवारात साप चावला तर तिची वाट बघायची नाही.

मेसेज लिहिणाऱ्याला खरा आक्षेप घ्यायचा असता तर तो असा घेता आला असता: एक अँटीबॉडी विषाणूच्या एकाच जागी चिकटते, ती जागा बदलली तर औषध निकामी. कोविडमध्ये बामलानिविमॅब या एकाच अँटीबॉडीच्या औषधाचं हेच झालं. ते फार झपाट्याने तयार झालं, पण विषाणूचे नवे प्रकार आल्यावर एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेने ते एकटं वापरण्याची परवानगी काढून घेतली. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना रेबीजसाठी वेगवेगळ्या जागी चिकटणाऱ्या किमान दोन अँटीबॉडींचं मिश्रण असावं असं सांगते.

आणि "दंडातली लस पुरे". लसीमुळे शरीर स्वतः अँटीबॉडी बनवतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात जखमेतला विषाणू मज्जातंतूत शिरू शकतो. त्याला जागीच अडवायला तयार अँटीबॉडी जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. रक्त आलेली जखम असेल आणि आधी रेबीजची लस घेतलेली नसेल, तर लस आणि ही सुई दोन्ही लागतात. आधी नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा, तिखट किंवा चुना भरू नका, आणि थेट सिव्हिलला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा. लसीच्या पहिल्या डोसला सात दिवस उलटले की ती सुई देत नाहीत.