आजीच्या गाण्यावर कंपनीचा हक्क

मित्रहो, आज सकाळी एका व्हिडिओ संकेतस्थळाचा मेल आला आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. माझ्या आजीने कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशात श्रावणात घरी बसवतात त्या देवीच्या, जागरणात म्हटलेले एक गाणे मी बाहेरगावच्या नातेवाइकांना ऐकता यावे म्हणून त्या संकेतस्थळावर ठेवले होते. त्या गाण्यावर आता कोण्या ध्वनिमुद्रण कंपनीने आपला हक्क सांगितला आहे. हरकत असल्यास अर्ज करावा, अर्जाचा विचार हक्क सांगणारी कंपनीच करील, असे त्या मेलात मोठ्या सभ्य भाषेत समजावून दिले आहे. ज्याने बांध कोरला त्याच्याकडेच मोजणीचा अर्ज द्यायचा, असा हा न्याय आहे.

हे कसे घडते ते मला ठाऊक आहे. कंपन्या आपल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती तिथे देऊन ठेवतात, यंत्र प्रत्येक प्रतीचा एक ठसा काढते, आणि कोणीही नवे काही चढवले की ते त्या ठशांशी ताडून पाहते. कोणीतरी कीबोर्ड आणि ढोल लावून तीच कानबाईची चाल वाजवली असेल आणि कंपनीने ती विकत घेतली असेल. त्या वाजवण्यावर त्यांचा हक्क असेलही, पण चाल आणि शब्द आपल्या आज्या-पणज्यांचे आहेत, ते कोणी विकले नाहीत आणि कोणी विकत घेतले नाहीत. यंत्राला हा फरक कळत नाही, आणि कळेल असा माणूस त्या खुर्चीवर कोणी बसवलेला दिसत नाही.

ती कॅसेट आमच्या अण्णांनी १९८६ किंवा ८७ च्या श्रावणात भरली. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली होती, रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, भाऊबंद गोळा झाले होते, आणि अण्णांनी कोणाकडून तरी मागून आणलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला संच, चौरंगापासून हातभर अंतरावर ठेवला होता. कॅसेट ९० मिनिटांची, म्हणजे एका बाजूला ४५. सुरुवातीलाच आजी अण्णांना म्हणते, ‘हाई बंद कर रे, माले लाज ई ऱ्हायनी.’ बाया हसतात आणि त्या हसण्यातूनच आजी गाणे उचलते. मधे कोणाचे तरी पोर रडते, कुठे भांडे पडते, आणि एका गाण्याच्या ऐन मध्यावर पहिली बाजू संपते. अण्णांना कॅसेट पालटायला जेवढा वेळ लागला तेवढे गाणे गेले ते गेलेच.

या कॅसेटची एक नक्कल ताईने लग्नानंतर सुरतेला नेली होती. आपल्याकडची किती घरे सुरतेला जाऊन राहिली आहेत, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडावे लागले आणि आपल्याच मुलखातून वाहत गेलेल्या तापीने सुरत बुडवली, तेव्हा ताई अडाजणला तळमजल्यावर भाड्याने राहत होती. गाद्या, धान्य, मुलांची पुस्तके यांच्याबरोबर ती नक्कलही गेली. फोनवर ताई बाकी कशासाठी रडली नाही.

मूळ कॅसेट मी संगणकात उतरवली ती यानंतर. ज्यांनी हे काम कधी केलेले नाही त्यांना सांगतो की ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटेच लागतात, त्यात घाई चालत नाही. डेकचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे, लाइन-आउटची वायर संगणकाला जोडायची, ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्राम सुरू करायचा आणि शेजारी बसून राहायचे. फाइल मी फ्लॅक स्वरूपात ठेवली, कारण एमपीथ्री आकार लहान करण्यासाठी आवाजातला काही भाग टाकून देते आणि फ्लॅक काहीच टाकत नाही. पुरी कॅसेट अर्ध्या जीबीच्या आसपास बसते. खरखर काढून टाकण्याची सोयही होती, पण खरखरीबरोबर बांगड्यांचा आवाज जाऊ लागला, तेव्हा मी ती सोय बंद केली.

ती फाइल, अण्णांच्या बाकीच्या कॅसेटी, तालुक्यातल्या वहीगायन या लोकगायनाच्या काही फिती आणि मी आयुष्यभर विकत घेतलेल्या सीडी, हे सगळे आज धुळ्याच्या देवपुरातल्या माझ्या घरी रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकाला जोडलेल्या डिस्कवर आहे. त्यावर नॅव्हिड्रोम हा खुला आणि फुकट सर्व्हर प्रोग्राम चालतो. ताई सुरतेत फोनवरचे ॲप उघडून गाण्यावर बोट ठेवते आणि ते गाणे माझ्या घरातून तिच्या स्वयंपाकघरात पोहोचते. मूळ फाइल मोबाइलच्या डेटाला जड पडू नये म्हणून सर्व्हर ती पाठवता पाठवताच ओपस स्वरूपात ९६ केबीपीएसवर आणतो, त्यामुळे तासभर ऐकले तरी ४५ एमबीच्या आत भागते. विजेचे म्हणाल तर हा संगणक पाच वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे महिन्याला चार युनिटसुद्धा होत नाहीत.

नॅव्हिड्रोम फोल्डरची नावे विचारात घेत नाही, फाइलीच्या आत लिहिलेली माहिती वाचतो, त्यामुळे प्रत्येक गाण्याची माहिती मला बसून भरावी लागली. कलाकाराच्या रकान्यात मी आजीचे पूर्ण नाव लिहिले, माहेरच्या आडनावासह. आजीला अक्षरओळख नव्हती आणि तिचे नाव सातबाऱ्यावरही कधी लागले नाही. ताईच्या नातीच्या फोनवर मात्र ते नाव मोठ्या गायिकांच्या नावांच्या ओळीत दिसते, आणि ते पाहिल्यावर मला या सगळ्या खटाटोपाचे काहीही वाटत नाही. गेल्या श्रावणात रोट थापताना ताईने तेच गाणे लावले होते. जिथे पहिली बाजू संपते तिथे गाणे थांबते आणि दुसऱ्या बाजूचे सुरू होईपर्यंतच्या गेलेल्या ओळी ताई स्वतः म्हणते, कारण त्या तिला पाठ आहेत. तिच्या सुनेने त्या आता तिच्या तोंडून भरून मला पाठवल्या आहेत. त्या मी आजीच्या गाण्यात जोडल्या नाहीत, वेगळ्या ठेवल्या आहेत.

माझा भाचा म्हणतो, ‘मामा, एवढा उपद्व्याप कशाला? महिन्याचे थोडे पैसे भरले की जगातली सगळी गाणी मिळतात.’ मिळतात, नाही म्हणत नाही. नवी गाणी मीही तिथेच ऐकतो. पण ती गाणी आपल्याला दिलेली नसतात, पैसे भरतो तोपर्यंत ऐकू दिलेली असतात, आणि त्या कंपनीचा दुसऱ्या कोण्या कंपनीशी असलेला करार संपला की आपल्या यादीतले गाणे एका रात्रीत राखाडी होते. गूगल प्ले म्युझिक २०२० साली बंद झाले, विंक गुंडाळण्याचे २०२४ साली जाहीर झाले. तो त्यांचा धंदा होता, त्यांनी तो आवरला, माझी त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्याच भरवशावर आजीला ठेवायचे का, एवढेच मी भाच्याला विचारले. तिथे कानबाई शोधून पाहा, धडधड वाजणारे रिमिक्सच वर येतात. हेही कबूल करतो, फारशा आनंदाने नसले तरी, की ते रिमिक्स करणाऱ्या पोरांमुळेच शहरातली खान्देशी मुले आज अहिराणी गुणगुणतात.

आता ज्याने माझा सर्वाधिक जीव खाल्ला त्या विषयाकडे येतो, आणि लिहिताना माझा पारा पुन्हा चढतो आहे. घरात सर्व्हर चालू केला, घरातल्या वायफायवर तो उत्तम वाजला, पण बाहेरून ताईला काही केल्या सापडेना. कारण असे की इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर ४२९ कोटीच आहेत, त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ सालीच संपला, म्हणून पुष्कळ कंपन्या अनेक घरांमध्ये मिळून एकच खरा पत्ता वापरतात आणि प्रत्येक घराला आतल्या आत १००.६४ पासून सुरू होणाऱ्या मालिकेतला क्रमांक देतात. ती मालिका २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवली गेली. या व्यवस्थेत घरातून बाहेर जाता येते, पण बाहेरून कोणाला आपले दार ठोठावता येत नाही. राउटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याच्या खिडक्या, उघडा, काही उपयोग होत नाही. आमच्या इंटरनेटवाल्याला फोन केला तेव्हा पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘सर, घरी सर्व्हर कशाला ठेवता?’ वेगळा पत्ता हवा असेल तर दरमहा वेगळे पैसे. म्हणजे आम्ही फक्त पाहायचे, ऐकायचे, पैसे भरायचे. आमच्या घरातून जगाला काही द्यायचे असेल, अशी कल्पनाच या लोकांनी केलेली नाही. आजीच्या नव्वद मिनिटांसाठी मी जन्मभर पत्त्याचे भाडे भरत बसू काय?

त्यावर तोड निघाली ती दूरदूरची उपकरणे एका खासगी जाळ्यात जोडणाऱ्या टेलस्केल या सेवेमुळे. माझा संगणक आणि ताईचा फोन, दोघेही आपापल्या घरातून बाहेर हात पुढे करतात आणि वायरगार्ड या सांकेतिक जोडणीच्या बंदिस्त वाटेने एकमेकांना भेटतात. कोणतेही पोर्ट उघडावे लागत नाही आणि परक्या माणसाला आत डोकावताही येत नाही. टेलस्केल ही तरी कंपनीच ना, असे कोणी म्हणेल. आहे, आणि उद्या तिने दार लावले तर दुसरी वाट शोधावी लागेल, पण माझी गाणी तिच्याकडे नाहीत, माझ्याकडे आहेत. नव्या आयपीव्ही६ पत्त्यांनी हा प्रश्न मुळातूनच सुटू शकतो, पण दोन्ही टोकांना ती सोय असावी लागते, आणि ताई ज्या ज्या वायफायवर असते तिथे ती असतेच असे नाही.

अडचणी नाहीत असे नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा त्या छोट्या संगणकाला पंखा लागतो. वीज गेली की राउटर आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर असावे लागतात, नाहीतर ताईचा लगेच फोन येतो. हे ज्याला झेपत नाही त्याने करू नये, माझा आग्रह नाही. कायद्याचेही एकदा सांगून टाकतो: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम खासगी वापरासाठी वाजवी सूट देते, पण विकत घेतलेल्या सीडींची गाणी साऱ्या कॉलनीला वाटण्याचा परवाना म्हणून ते वाचू नये. माझ्या सीडी माझ्यापुरत्या आहेत.

घरी जपून ठेवण्याचे मोल आपल्या धुळ्यात विसरणे सोपे नाही, कारण इतिहासाचार्य राजवाडे इथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे सुरू झाले. त्यांनी गावोगाव हिंडून जी दप्तरे मिळवली ती मिळाली, कारण कोणीतरी घरात रुमालात बांधून ठेवली होती. वाळवीने खाल्ली त्यांची गणती कोण करणार? घरात ठेवले म्हणजे राहिले असे होत नाही, हे मला पटते, ताईच्या घरात ते मी पाहिलेच आहे. म्हणून सगळ्या गाण्यांची एक प्रत सुरतेत ताईच्या आताच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी डिस्कवर आहे, आणि दर दिवाळीला ती डिस्क इथे येऊन नव्या गाण्यांसह परत जाते.

त्या कंपनीकडे मी अर्ज करणार नाही. दुपारी मी ती चित्रफीत स्वतःच तिथून काढून टाकली, त्यामुळे ज्यांनी तिचा दुवा जपून ठेवला असेल त्यांना आता ती दिसणार नाही. गणगोतातल्या ज्या कोणाला ते गाणे हवे असेल त्यांनी मला निरोप पाठवावा, मी नॅव्हिड्रोमवर खाते उघडून देतो. त्या खात्यात फक्त घरच्या फिती दिसतील, चित्रपटगीते मागू नयेत. आणि ज्यांच्या घरी कानबाईच्या, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) किंवा वहीगायनाच्या कॅसेटी पडून असतील त्यांनी त्या देवपूरला आणून द्याव्यात, उतरवून मूळ कॅसेट आणि फाइल दोन्ही परत करीन. डेकला नवा बेल्ट बसवून घेतला आहे. आणण्यापूर्वी घरच्या जुन्या टेपवर लावून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण फितीवर पांढरी बुरशी धरली असेल तर ती अडकते आणि तिथेच तुटते.