मालदीवला जाऊन मालदीव टाळण्याची रीत

निळ्या पाण्याचे फोटो बघून झोप उडाली असेल आणि खिसाही साथ देत असेल, तर मालदीवला जाच. पथ्य एकच पाळा: त्या देशाशी गाठ पडू देऊ नका. हे वाटतं तितकं अवघड नाही. सुमारे १२०० बेटं, त्यांतल्या जेमतेम २०० बेटांवर माणसं राहतात, आणि रिसॉर्टं बहुतेक उरलेल्यांवर. एका रिसॉर्टला एक अख्खं बेट. १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून पाहुण्याची आणि देशाची अशी सोयीस्कर फारकत चालत आली आहे.

निघण्यापूर्वीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ हा प्रवासी फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. सरकारी संकेतस्थळावर तो फुकट आहे, म्हणून तिकडे फिरकू नका. शोधल्यावर सगळ्यांत वर जी जाहिरात दिसेल तिथे कार्डाचा नंबर देऊन मोकळे व्हा.

विमान संध्याकाळी उतरणारं घ्या, चार पैसे वाचतात. विमानतळावरून रिसॉर्टच्या बेटावर नेणारं सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, फक्त दिवसाउजेडी उडतं. दुपार कलल्यावर उतरणाऱ्याला त्या दिवसाचं शेवटचं उड्डाण बहुधा मिळत नाही, आणि रिसॉर्टच्या खोलीचे पैसे भरलेले असतानाही रात्र राजधानी माले किंवा शेजारच्या हुलहुमालेच्या हॉटेलात काढावी लागते. वाचवलेले चार पैसे तिथे उपयोगी पडतील. सामान भरपूर न्या. सीप्लेनला साधारण २० किलोची मोठी बॅग आणि ५ किलोची हातातली एवढीच मुभा असते, वरच्या प्रत्येक किलोचे पैसे पडतात. बूट तर चार जोड तरी हवेतच. बेटावर सगळीकडे वाळू असते आणि सीप्लेनचे वैमानिकसुद्धा अनवाणी असतात, पण त्यांना फोटो कुठे टाकायचे असतात?

खोलीचा दर बघताना आकड्यापुढच्या दोन अधिक-चिन्हांकडे लक्ष देऊ नका. ती नक्षी आहे. समजा दर रात्रीला ५०० डॉलर. त्यावर १० टक्के सेवाशुल्क, झाले ५५०. पर्यटनावरचा कर जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे, आणि तो सेवाशुल्कासकट लागतो: आणखी साडेत्र्याण्णव. मग हरित कर, रिसॉर्टवर माणशी रात्रीला १२ डॉलर, दोघांचे २४. बेरीज ६६७ डॉलर ५० सेंट. यात जेवण नाही, पाणी नाही, आणि विमानतळावरून बेटापर्यंतचा प्रवासही नाही. सीप्लेनचं येण्याजाण्याचं भाडं माणशी काही शे डॉलर असतं आणि ते खोलीच्या दरापासून दूर, वेगळ्या पानावर लिहितात. ते पान बुकिंग झाल्यावर वाचा.

आता मुख्य काम, म्हणजे प्रवाळ. पाण्यावरच्या व्हिलाच्या शिडीवरून थेट रीफकडे, म्हणजे प्रवाळाच्या खडकाकडे, जाता येतं, तेव्हा मास्क लावून तरंगायला (स्नॉर्केलिंग) शिकण्यात वेळ घालवू नका. मास्क मिशीवर किंवा कपाळावरच्या केसांवर चढवा. रबराची कड कातडीला चिकटली नाही की पाणी झिरपतं, दोन मिनिटांत नाकाशी येतं, आणि तुम्हाला उभं राहायचं सबळ कारण मिळतं. उताणं तरंगून मास्क रिकामा करता येतो, किंवा वरची कड दाबून नाकाने जोरात फुंकलं तरी पाणी निघून जातं, पण पायाखाली इतकी छान खडबडीत जमीन असताना कोण एवढं करणार? ती जमीन जिवंत असते. चुन्याच्या सांगाड्यावर काही मिलिमीटर जाडीचा जीवांचा थर, आणि गोल दगडासारखं दिसणारं प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. टाचेखाली कुरकुर वाजली की काही वर्षांची वाढ गेली असं समजा. मग फिन्स (पोहताना पायात घालायचे रबरी पंख) उभे धरून जोरात पाय मारा. तळाची वाळू उडते आणि बाजूच्या प्रवाळावर बसते. ती झटकण्यात त्याची शक्ती जाते. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा उथळ पाण्यातलं बहुतेक प्रवाळ पांढरं पडून मेलं, २०१६ मध्ये ते पुन्हा मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं. तरी काही शिल्लक आहे. तुमच्या आशेला जागा आहे.

सनस्क्रीन पाण्यात उडी मारण्याच्या क्षणी लावा, म्हणजे अंगावर न मुरता तवंग होऊन रीफवर पसरेल. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला तर निम्मं अंग झाकलं जातं आणि सनस्क्रीन निम्मं लागतं, पण मग खांदे दिसणार कसे? पोहताना आधी प्रवाहाबरोबर मजेत वाहत जा. जाणकार उलट करतात: आधी प्रवाहाविरुद्ध जातात, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणून सोडतं. त्यांना बचावबोटीत बसायची हौस नसावी.

किनारा झिजलेला दिसला तर स्वागतकक्षात तक्रार कराच. इथली वाळू मोसमाप्रमाणे बेटाभोवती फिरते. ईशान्य वारे असताना एका बाजूला, नैर्ऋत्य वारे सुरू झाले की दुसऱ्या बाजूला. मधे धक्का किंवा भिंत बांधली की फेरी अडते आणि एक बाजू उघडी पडते. मग तुमच्या फोटोसाठी लगूनच्या, म्हणजे रीफच्या आतल्या उथळ पाण्याच्या, तळातून वाळू उपसून किनाऱ्यावर ओततात, आणि गढूळ पाण्यातला गाळ प्रवाळावर बसतो. ही वाळू मुळात बरीचशी पोपटमाशांनी प्रवाळ कुरतडून बाहेर टाकलेली असते. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो, आणि तीही बिलात न लावता.

रोज बाटलीबंद पाणी मागवा, जमलं तर दुसऱ्या खंडातलं. बेटावर डिझेलच्या विजेने समुद्राचं पाणी गोडं करतात आणि ते काचेच्या बाटलीत भरून देतात, पण त्यात प्रवास कुठे आहे? प्लॅस्टिक कुठे जातं याची चौकशी नको. मालेच्या पश्चिमेला थिलाफुशी नावाचं बेट आहे, १९९२ पासून लगूनमध्ये कचरा टाकत वाढवलेलं. तिथे रिसॉर्ट नाही.

चुकून वस्तीच्या बेटावर, माफुशीसारख्या ठिकाणी, गेस्टहाउसमध्ये उतरलात तर धोका वाढतो. तिथे सकाळी मास हुनी मिळते: ट्यूना, खवलेला नारळ, कांदा, मिरची आणि लिंबू हाताने कालवून, रोशी नावाच्या गरम पोळीबरोबर. ती आवडली तर लोकांशी बोलणं सुरू होतं. त्यापेक्षा पर्यटकांसाठी वेगळ्या राखलेल्या बिकिनी बीचवरून त्याच कपड्यांत मशिदीसमोरून दुकानात जा, तिथे बिअर मागा (वस्तीच्या बेटांवर दारूला बंदी आहे) आणि परतीसाठी शुक्रवारची सरकारी फेरीबोट धरा. शुक्रवारी ती सहसा नसते.

निघताना किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे सामानात तळाशी भरा. ते देशाबाहेर नेण्यास मनाई आहे आणि क्ष-किरणात दगडासारखे ठळक दिसतात. येताना ड्यूटी फ्रीची बाटली आणली असेल तर ती कस्टमने पावती देऊन ठेवून घेतलेली असते, जाताना मागून घ्यायची. ती पावती कुठे ठेवली ते आठवा. बहुधा त्याच बॅगेत, तुकड्यांच्या खाली. कस्टमच्या खिडकीसमोर बॅग पूर्ण रिकामी केल्याशिवाय ती हाती लागायची नाही.