एका महिन्याचा फरक आणि मंडळावर बसणारी तीन माणसं

नमस्कार.

प्रतिबंधक स्थानबद्धतेवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा जरा शांतपणे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की लेखकाने दंगलीची रात्र नियंत्रण कक्षात काढलेली नाही. खटला न चालवता माणसाला आत ठेवण्याची तरतूद खुद्द बाबासाहेबांच्या घटनेत आहे. जो निर्दोष आहे त्याला भीती कशाची? आदेश तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन करून असं काय मोठं स्वातंत्र्य मिळणार आहे? कायदा-सुव्यवस्था हा राज्यांचा विषय, तो राज्यांना सांभाळू द्या. लेखाला एका पक्षाचा वास येतो. आणि लेखात एक ढळढळीत चूक आहे.

चूक आहे. तिच्यापासूनच सुरू करतो.

'४४वी घटनादुरुस्ती आजतागायत लागू झालेली नाही' असं मी लिहून गेलो. हे साफ चुकीचं. त्या दुरुस्तीचा बहुतेक भाग १९७९ मध्येच लागू झाला आणि आपण सगळे त्याच्या छायेत जगतो आहोत. आणीबाणी जाहीर करायला पूर्वी 'अंतर्गत अशांतता' एवढं कारण पुरायचं, आता 'सशस्त्र बंड' लागतं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असावा लागतो. आणीबाणीतही आरोपींना संरक्षण देणारा अनुच्छेद २० आणि जीवित व स्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ निलंबित करता येत नाहीत. हे सगळं त्याच दुरुस्तीने दिलं. लागू झालं नाही ते तिचं फक्त कलम ३, स्थानबद्धतेच्या मर्यादा सांगणाऱ्या अनुच्छेद २२ मध्ये बदल करणारं. मूळ लेखातलं वाक्य सुधारलं आहे.

पण माझी चूक सुधारली म्हणून मूळ प्रश्न सुटत नाही, उलट तो जास्त विचित्र दिसायला लागतो. इतर सगळी कलमं लागू झाली आणि नेमकं हेच का राहिलं? त्या दुरुस्तीच्या सुरुवातीलाच लिहिलंय, की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवील त्या दिवशी ती अंमलात येईल आणि वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळे दिवस ठरवता येतील. वाचताना हे कारकुनी वाक्य वाटतं. पण संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने जे मंजूर केलं, निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ज्याला संमती दिली, राष्ट्रपतींची ज्यावर सही झाली, ते चार दशकांहून अधिक काळ अडून राहिलंय या एका वाक्यामुळे. ज्याच्या हाताला बांध घालायचा, दोरीही त्याच्याच हातात दिली.

पक्षाच्या वासाबद्दल बोलायचं तर, दुरुस्ती जनता पक्षाच्या सरकारने केली. आणीबाणीत वापरलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, म्हणजे मिसाखाली, तुरुंगात बसलेली कितीतरी माणसं त्या सरकारात आणि त्या संसदेत होती. मिसा त्यांनी १९७८ मध्ये रद्द केला, बाकीची कलमं लागू केली, आणि हे राहू दिलं. मोरारजींनंतर आलेल्या चरणसिंग सरकारने तर ऑक्टोबर १९७९ मध्ये काळाबाजारवाल्यांना स्थानबद्ध करणारा नवा वटहुकूमच आणला. मग इंदिरा गांधी परतल्या आणि १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. त्यानंतर काँग्रेसची, राष्ट्रीय आघाडीची, संयुक्त आघाडीची, रालोआची, संपुआची आणि पुन्हा रालोआची सरकारं झाली. अधिसूचना एकानेही काढली नाही. आता यातला कोणता पक्ष मला लावायचा ते तुम्हीच ठरवा. महाराष्ट्रात मिसाबंदींना सन्मानधन देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये बंद पडली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणं झालं. ज्या तुरुंगवासाबद्दल ते मानधन आहे, तसा तुरुंगवास कठीण करणाऱ्या कलमाची आठवण त्या गदारोळात कोणी काढल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता तुमचा सगळ्यात टोकदार मुद्दा : एका महिन्याने काय होणार?

खरं सांगू? काहीच नाही. हे मला तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर कायदा पुन्हा उघडून बसलो तेव्हा कळलं, त्याबद्दल आभार. राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात प्रकरण तीन आठवड्यांत सल्लागार मंडळापुढे जातं आणि स्थानबद्धतेपासून सात आठवड्यांत मंडळाने अहवाल द्यायचा असतो. सात आठवडे म्हणजे ४९ दिवस. दोन महिन्यांच्या मर्यादेत ते आजच बसतं. तस्करीविरोधी कॉफेपोसासारख्या कायद्यात अकरा आठवडे आहेत, तिथे बदल करावा लागेल. म्हणजे मुदतीची अडचण फारशी नाहीच. तरीही अधिसूचना निघत नाही, तेव्हा अडचण कलमाच्या उरलेल्या भागात असणार.

तो उरलेला भाग असा. आजच्या अनुच्छेद २२ प्रमाणे मंडळावर उच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायाधीश, माजी न्यायाधीश किंवा न्यायाधीश होण्यास 'पात्र' व्यक्ती चालतात. पात्र म्हणजे उच्च न्यायालयात दहा वर्षं वकिली केलेलं कोणीही. मंडळ नेमतं सरकार, म्हणजे ज्याचा आदेश तपासायचा तेच. अधिसूचनेअभावी अडलेलं कलम ३ म्हणतं, की मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचं, अध्यक्ष विद्यमान न्यायाधीश हवेत आणि बाकीचे सदस्य विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीश हवेत. शिवाय मंडळाकडे न जाताच जास्त काळ आत ठेवण्याची मुभा संसदेला कायद्याने देता येते, ती खिडकीही ते बंद करतं. मी मूळ लेखात महिन्यांचा हिशेब करत बसलो, ते चुकलंच. भांडण आहे ते मंडळाच्या तीन खुर्च्यांवर कोण बसणार याचं.

दंगलीच्या रात्रीबद्दल. तुम्ही जिल्हादंडाधिकारी म्हणून असे आदेश काढले आहेत असं लिहिलंत. मी काढलेले नाहीत आणि त्या खुर्चीचा ताण मला ठाऊक असल्याचा आवही आणणार नाही. पण त्या रात्री तुमच्या हातात काय काय होतं ते आठवा. जमावबंदी होती. दखलपात्र गुन्हा टाळण्यासाठी अटक करून चोवीस तास ठेवण्याचा अधिकार पोलिसांना होता. शांतता राखण्याची हमी लिहून घेणारी चॅप्टर केस होती, तडीपारी होती. याउपर स्थानबद्धतेचा आदेशही होता. कलम ३ लागू झालं असतं तरी यातलं त्या रात्री काहीही कमी झालं नसतं. तुमची सही तशीच चालली असती, माणूस तसाच आत गेला असता. फरक पडला असता तो काही आठवड्यांनी, दंगल विझल्यावर, कागद शांतपणे वाचणाऱ्या माणसांमध्ये.

आणि ते कागद कसे असतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंत. महाराष्ट्रात एमपीडीएखालच्या, म्हणजे धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्याच्या राज्याच्या कायद्याखालच्या, आदेशात हमखास असतात दोन गोपनीय जबाब, साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब'. नाव नाही, पत्ता नाही. एका संध्याकाळी अमुक चौकात त्याने चाकू दाखवून पैसे काढून घेतले, आजूबाजूचे लोक पळाले, दुकानांची शटर पडली. दुसऱ्या जबाबात चौक बदलतो, शटर तशीच पडतात. उच्च न्यायालयाच्या निकालांमधून अशा जबाबांचे उतारे मी पुष्कळ वाचले आहेत, आणि ही पडणारी शटर आता ओळखीची झाली आहेत. ती का पडतात त्याचं उत्तर १९६५ सालच्या राममनोहर लोहियांच्या खटल्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा एकात एक तीन वर्तुळं काढून दाखवली : सगळ्यात बाहेरचं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, सगळ्यात आत राज्याच्या सुरक्षिततेचं. नुसती मारामारी बाहेरच्या वर्तुळात राहते, तिच्यासाठी नेहमीचा फौजदारी कायदा पुरे. स्थानबद्ध करायचं तर प्रकरण आतल्या वर्तुळात ढकलावं लागतं, म्हणून लोक पळतात आणि शटर पडतात.

'निर्दोषाला भीती कशाची' याचं उत्तर इथेच आहे. स्थानबद्धतेत दोषी-निर्दोष हा सवालच नसतो. माणसाने काय केलं यापेक्षा तो पुढे काय करील याचा तो अंदाज असतो, आणि अंदाज खोटा पाडायला पुरावा कुठून आणायचा? कारणं साधारणपणे पाच दिवसांत हातात पडतात, पण सार्वजनिक हिताच्या नावाखाली काही तपशील दडवता येतो. मंडळापुढे वकील मिळत नाही. मग घरचे उच्च न्यायालयात जातात. कधी कळतं की कागदपत्रं त्याला येणाऱ्या भाषेत दिलीच नव्हती, कधी की त्याच्या निवेदनावर निर्णय घ्यायला विनाकारण उशीर केला. आदेश रद्द होतो. तोपर्यंत किती महिने गेले, ते कोणी परत देत नाही.

बाबासाहेबांबद्दल मात्र मला जरा जोरात बोलायचंय. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी हे कलम संविधान सभेत आणलं, तेव्हा आधीच्या मसुद्यातून कायद्याच्या रीतसर प्रक्रियेचं, म्हणजे 'ड्यू प्रोसेस'चं, संरक्षण वगळलं गेलं होतं. त्याची भरपाई म्हणून आपण हे आणतो आहोत, असंच त्यांनी सांगितलं. म्हणजे मुदत, मंडळ, कारणं कळवणं ही कुंपणं त्यांनी सत्तेभोवती घातली. ती अपुरी आहेत असं सभागृहातल्या अनेकांनी त्यांना तोंडावर सांगितलं. महावीर त्यागींनी तर मसुदा समितीच्या सदस्यांनी आधी तुरुंगाचा अनुभव घेतला असता तर बरं झालं असतं, असा टोमणा मारला. तो अनुभव यापुढे मिळवायचा प्रयत्न करीन, असं बाबासाहेबांनी उत्तर दिलं. कुंपण घालणाऱ्याचं नाव पुढे करून ते उंच करायला विरोध करणं मला पटत नाही. पुढच्याच वर्षी सरदार पटेलांनी मांडलेला पहिला प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा तर एका वर्षापुरता होता. मुदत वाढवत वाढवत तो १९६९ अखेरपर्यंत चालला.

राहिला राज्यांचा मुद्दा, आणि तो अर्धा मान्य. आणीबाणीत तमिळनाडूत द्रमुकचं सरकार होतं आणि गुजरातमध्ये जनता मोर्चाचं, तोवर तिथली हवा बाकी देशापेक्षा बरीच मोकळी होती. ३१ जानेवारी १९७६ रोजी द्रमुक सरकार बरखास्त झालं आणि मार्चमध्ये गुजरातचं पडलं, मग तो आडोसाही गेला. संघराज्य असण्याचा फायदा याहून स्वच्छ दाखवता येणार नाही. पण राज्यांचे हक्क आणि नागरिकांचे हक्क ही एकच गोष्ट धरू नका. राज्यांच्या स्वायत्ततेसाठी सगळ्यात खणखणीत आवाज तमिळनाडूचा, आणि १९८२ च्या तिथल्या गुंडा कायद्यामुळे स्थानबद्धांच्या संख्येत वर्षानुवर्षं वरच्या रांगेतही तेच राज्य. दिल्लीशी भांडणारा मुख्यमंत्री आपल्या जिल्हाधिकाऱ्याच्या सहीबद्दल दिल्लीइतकाच हळवा असतो. कलम ३ लागू करा म्हणून एखाद्या राज्याने केंद्राशी भांडण मांडलेलं मी पाहिलेलं नाही. त्यांनाही मंडळ आपणच नेमायचं असतं.

न्यायालयाने का नाही आदेश दिला, असंही तुम्ही विचारलंत. धनबादचे खासदार ए. के. रॉय राष्ट्रीय सुरक्षा वटहुकुमाखाली स्थानबद्ध झाले आणि त्यांच्या खटल्यात हाच प्रश्न आला. डिसेंबर १९८१ मध्ये बहुमताने निकाल लागला, की तारीख ठरवण्याचं काम संसदेनेच सरकारवर सोपवलंय, तेव्हा अमुक दिवशी लागू करा असा हुकूम न्यायालय देऊ शकत नाही. दोन न्यायमूर्तींना ते मान्य नव्हतं. बहुमताचा निकाल लिहिणारे यशवंतराव चंद्रचूड १९७६ च्या एडीएम जबलपूर खटल्यातल्या बहुमतातही होते. आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचं दार ठोठावता येत नाही, असं सांगणारा तो निकाल. २०१७ मध्ये तो रद्दबातल ठरवणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव होते. १९८१ चा निकाल मात्र जागच्या जागी आहे.

एक विनंती. तुमच्या सहीच्या किती आदेशांना सल्लागार मंडळाने पुरेसं कारण नाही म्हणून नकार दिला, आणि त्या मंडळावर कोण बसायचं हे कोण ठरवायचं, ते आठवत असेल तर लिहा. नाव आणि जिल्हा न देता जसंच्या तसं छापीन, माझ्या विरोधात गेलं तरी.