परदेशातून : पन्नास अंशांची अट

व्याजदर जरा खाली आले की पुण्या-नाशिकहून तोच सूर ऐकू येतो. 'इकडे गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं तर व्हॅल्युअर पाठवतात, कागदांसाठी हेलपाटे घालायला लावतात. तुमच्या अमेरिकेत सगळं एका क्लिकवर.' हे ऐकलं की डोकं तापतं. घराची किंमत ठरवणारा तो व्हॅल्युअर बघतो काय? कार्पेट एरिया, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आजूबाजूचा भाव. नळाला पाणी किती वाजता येतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

इथे मिशिगनमध्ये एफएचएचं, म्हणजे सरकारी विम्याचं, कॅश-आउट रिफायनान्स करायचं (जुनं गृहकर्ज फेडून नवं मोठं घ्यायचं आणि वरची रोकड हातात घ्यायची) तर अप्रेझर, म्हणजे इथला व्हॅल्युअर, घरात येतो, थर्मोस्टॅटवर तापमान वाढवतो आणि फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, पेटते का ते बघत उभा राहतो. अट स्पष्ट आहे. उष्णतेची यंत्रणा कायमची बसवलेली हवी. राहत्या भागात तिने किमान ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १० सेल्सिअस, राखायला हवेत. इंधन त्या भागात सहज मिळणारं हवं, आणि माणसाने हात न लावता ती बराच काळ चालायला हवी. प्लगला लावलेला हीटर धरत नाहीत. लाकडाच्या स्टोव्हवर किंवा सौरऊर्जेवर घर चालत असेल, तर जोडीला नेहमीची यंत्रणा लागतेच. एसीची सक्ती नाही, पण सेंट्रल एसी असेल तर तो चालू स्थितीत हवा.

क्लिकवाल्यांचं एवढं खरं, की एफएचएच्या स्ट्रीमलाइन नावाच्या सुटसुटीत प्रकारात अप्रेझल, म्हणजे अशी घराची तपासणी, लागत नाही. पण त्यात हातात रोकड येत नाही, हे कुणी सांगत नाही. आणि भारतात फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर २०१२ पासून बँकांना मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, हेही तक्रार करणारे सोयीने विसरतात. इथे क्लोजिंग कॉस्टच, म्हणजे नवं कर्ज घेतानाचा सगळा खर्च, कर्जाच्या २-३ टक्क्यांपर्यंत सहज जाते.

फर्नेस अडते ती बहुतेक क्षुल्लक कारणाने. ज्योत पेटते, चार-पाच सेकंदांत विझते, पुन्हा पेटते, आणि काही प्रयत्नांनंतर फर्नेसचा कंट्रोल बोर्ड गॅस बंद करून टाकतो. असं झालं की आधी फ्लेम सेन्सरकडे बघावं. बर्नरसमोरची ही बारीक धातूची काडी. तिच्यावर पांढुरका थर बसला की ज्योत असूनही बोर्डाला ती कळत नाही. वीज बंद करायची, पाव इंची षटकोनी स्क्रू काढायचा, काडी बारीक स्टील वूलने हलकेच घासून परत लावायची. फिल्टर तुंबला असेल तर हवा कमी पडते, आतलं तापमान चढतं आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो. ९० टक्क्यांवरच्या कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये निचऱ्याच्या पाण्याचा ट्रॅप तुंबतो, किंवा बाहेरचे पांढरे पीव्हीसी पाइप बर्फाखाली जातात. मग हवेचा दाब तपासणारा प्रेशर स्विच फर्नेस पेटू देत नाही. अप्रेझर यायच्या आठवडाभर आधी नवा फिल्टर घालून फर्नेस अर्धा तास चालवून बघावी. हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्योत आणि घरातली हवा यांच्यामधल्या धातूच्या भागाला, तडा असेल तर मात्र घरगुती इलाज नाही. कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, परवानाधारक माणूसच बोलवावा. नंतर बांधलेल्या खोलीपर्यंत गरम हवेचा डक्ट गेला नसेल तर २४० व्होल्टचा, स्वतंत्र ब्रेकरवरचा, भिंतीच्या तळाशी बसणारा बेसबोर्ड हीटर बसवून घ्यावा.

हे आधी न केल्यास अहवालात दुरुस्तीची अट पडते. मग दुरुस्ती, बिल, पुन्हा तपासणी, तिची वेगळी फी. त्यात रेट लॉकचे, म्हणजे बँकेने दर पक्का धरून ठेवण्याचे, ३० किंवा ४५ दिवस उलटून गेले तर ज्या दरासाठी हा खटाटोप केला तोच हातचा जातो.

आता मला जड जाणारी गोष्ट. ही ५० अंशांची अट माणसांपेक्षा नळांना जास्त जपते. बाहेरच्या भिंतीतलं पाणी गोठलं की पाइप फुटतो, लाकडी घर भिजतं आणि बँकेचं तारण वाया जातं. निफाडला जानेवारीत पारा १० च्या खूप खाली उतरतो. तिथे पाइप फुटत नाहीत, म्हातारी माणसं दोन गोधड्या अंगावर घेऊन पहाट काढतात, आणि बँकेचं तारण शाबूत राहतं. म्हणून तिथे कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं. इथली बँक ऊब विचारते म्हणून तिचा अभिमान बाळगावा, इतकी ती प्रेमळ नाही, हेही तितकंच खरं.

तरीही 'हात न लावता बराच काळ' हे शब्द माझ्या मनातून जात नाहीत. डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाणाऱ्या इथल्या मराठी घरांसाठीच ते लिहिलेत असं वाटतं. थर्मोस्टॅट ५५ वर ठेवायचा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची. घर आपलं आपण तग धरतं. नाशिकच्या घराला यातलं काहीच लागत नाही. कुलूप लावायचं आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायची. त्या अधूनमधून खिडक्या उघडतात. तिकडच्या बँकांवर कुणी तोंड टाकलं की मी इथल्या फर्नेसची बाजू घेऊन तावातावाने बोलते, ते बहुधा त्या किल्लीमुळेच.