गर्भपाताबद्दल मुलांचं मत आधी भिंतीवर ठरतं, मग ओट्यावर

जळगाव-धुळ्याकडच्या आठवी-नववीतल्या पोरांना गर्भपाताबद्दल विचारून बघा. उत्तर बहुतेक एका दमात येतं: "पाप असतं, गुन्हा आहे, डॉक्टरला जेल होते." पाप की नाही, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. पुढचं मात्र अर्धवट आहे, आणि अर्धवट माहितीवर बसलेलं मत पुढे पंचविशीतही हलत नाही.

हे उत्तर येतं कुठून? शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवरून. "मुलगी वाचवा" तिथं रंगवलेलं असतं, पथनाट्यात पोटातली मुलगी आईशी बोलते, सोनोग्राफी सेंटरच्या दारावर लिंगनिदान होत नसल्याचा बोर्ड असतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली निघाल्या. राज्याचा आकडा ८९४ होता. खानदेशातल्याच आदिवासीबहुल नंदुरबारात तो ९४४ होता, म्हणजे शिकल्या-सवरल्या, केळी-कापसात पैसा पाहिलेल्या भागाला मान खाली घालायला लावणारी गोष्ट. तेव्हा मोहीम जोरात झाली, ती व्हायलाच हवी होती. अडचण एवढीच, की पोरांनी शाळेची दहा वर्षं एकच वाक्य ऐकलं आणि त्याच्या जोडीचं दुसरं कुणी सांगितलंच नाही.

दुसरं वाक्य असं, की आपल्याकडे या विषयाचे दोन वेगळे कायदे आहेत. १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा लिंगनिदानाच्या विरुद्ध आहे. त्यात लिंग सांगणारा डॉक्टरही अडकतो आणि ते विचारायला सुनेला घेऊन जाणारे घरचेही. तीन वर्षांपर्यंत कैद होते. दबावाखाली तपासणीला गेलेल्या बाईला मात्र कायदा आरोपी करत नाही. त्याच्याही आधीचा, १९७१ चा एमटीपी कायदा नोंदणीकृत डॉक्टरकडून सुरक्षित गर्भपात करून घेण्याची वाट देतो. त्याची पायाभरणी १९६४ साली नेमलेल्या समितीने केली होती. तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा, म्हणजे त्या वेळचे आपल्याच राज्याचे मंत्री. चोरून, अडाणी हातांनी केलेल्या गर्भपातात बाया मरत होत्या, हे त्यामागचं मोठं कारण.

गंमत बघा, नीटच्या क्लासला जाणारी पोरगी "एमटीपी कायदेशीर कधी झालं?" या प्रश्नाला १९७१ वर टिक करते, कारण ते बारावीच्या एनसीईआरटीत आहे. तीच पोरगी घरी येऊन "गर्भपात म्हणजे गुन्हा" म्हणते. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात सुखाने नांदतात, कारण त्यांची गाठ कुणी घालून दिलेली नसते.

आता घरात काय चालतं ते पाहू. उन्हाळ्यात ओट्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचं काम चालू असतं. नऊ-दहा वर्षांची पोर वाळत आलेले बिबडे उलटायला बसवलेली असते. बायांचा आवाज मध्येच खाली येतो, "अमक्याच्या सुनेनं खाली केलं म्हणे," म्हणजे गर्भ पाडला. पोर मान वर करते, आणि लगेच, "तुले काय करनं शे? जाय तिकडे!" तिला माहिती काहीच मिळाली नाही. पण बाईबद्दल आहे, हळू आवाजात बोलायचं आहे आणि विचारायचं नाही, एवढं ती पक्कं शिकली. "आम्ही मुलांसमोर असलं काही बोलतच नाही," असं जे आईबाप अभिमानाने सांगतात, त्यांची शिकवणी ही अशी चालू असते.

याला अभ्यासाचा आधारही आहे. अमेरिकेत १९६५ साली केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड निमी यांनी शाळेच्या शेवटच्या वर्गातली मुलं आणि त्यांचे पालक यांची मतं ताडून पाहिली. पक्ष कोणता, हे मुलांनी घरून बऱ्यापैकी उचललेलं होतं. सुट्या प्रश्नांवरची मतं त्या मानाने फिकी उतरली होती. जे घरात वारंवार आणि स्पष्ट बोललं जातं तेच पुढे जातं. नंतरच्या अभ्यासांत तर असंही दिसलं, की आईबापांचा राजकीय कल कोणता हे बऱ्याच मुलांना नीट ओळखताच येत नाही. पक्षासारख्या उघड गोष्टीत ही गत, तर ज्यावर घरात चकार शब्द निघत नाही तिथं काय होणार? पोरं अंदाज बांधतात आणि उरलेली जागा मोबाइल भरतो. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा आपलाच निकाल फिरवला, तेव्हापासून तिकडच्या भांडणाचे रील इकडे अमळनेर-शिरपूरच्या पोरांच्या हातात येतात. त्यांना वाटतं, हाच आपलाही वाद. आपला वाद तो नाहीच. आपल्याकडे परवानगी आहे, पण ती डॉक्टरच्या मतावर टांगलेली. मागितलं आणि मिळालं असं इथं नाही, आणि सरसकट बंदीही नाही.

मग घरात बोलायचं कसं? सुरुवात आपोआप होणाऱ्या गर्भपातापासून करा. लक्षात आलेल्या दर १०० गर्भारपणांपैकी साधारण १० ते २० आपोआप थांबतात. कुणाचा पाय घसरला, पपई खाल्ली, नजर लागली, ही बहुतेक वेळा कारणं नसतात. गर्भातच गुणसूत्रांची गडबड हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण. जवळपास प्रत्येक भाऊबंदकीत हे घडलेलं असतं, त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुलालाही सांगता येतं: बाळ राहिलं होतं, वाढलं नाही, मावशीला त्रास झाला. यात लाज वाटण्यासारखं काही नाही हे कळलं, की पुढचं अवघड बोलणं निम्मं सोपं होतं.

तेरा-चौदापासून "बरोबर की चूक" हा प्रश्न विचारूच नका. प्रसंग द्या. दोन लहान लेकरांची आई, तांबी बसवलेली असूनही दिवस गेले. १९ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दिसलं की बाळाची कवटीच तयार झालेली नाही. सोळा वर्षांच्या मुलीवर जबरदस्ती झाली. आणि चौथा प्रसंग, दोन मुलींनंतर तिसऱ्या वेळी घरचे लिंग विचारायला निघाले. चारही ठिकाणी मुलाचं उत्तर एकच येत नाही. एका ठिकाणी तो "हो" म्हणतो, दुसऱ्या ठिकाणी अडखळतो, चौथ्याला चिडतो. "का" एवढंच विचारा आणि थांबा. त्याचं स्वतःचं मत तिथं तयार व्हायला लागतं.

इथं आईबाप हमखास घाई करतात, आपलं उत्तर आधी टाकतात. मग पोरगं तेच परत म्हणतं आणि आपल्याला वाटतं, पटलं. आपलं मत सांगायचंच नाही असं माझं म्हणणं नाही. तुमच्या श्रद्धेत हे बसत नसेल तर तसं सरळ सांगा, पण शेवटी, "माझं मत" म्हणून आणि कारणासकट. लपवलेलं मत मुलं भुवईवरून ओळखतात, आणि बरेचदा चुकीचं ओळखतात.

माहितीत एक गोष्ट मुलामुलींना दोघांनाही पाठ असली पाहिजे, ती म्हणजे आठवडे कसे मोजतात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात पाळी एक आठवडा लांबली, तेव्हा पाच आठवडे झालेलेच असतात. नव्या वयात पाळी तशीही मागेपुढे होते, त्यात महिना सहज निघून जातो. गोळ्यांनी गर्भपात नियमांप्रमाणे नऊ आठवड्यांपर्यंत, तोही डॉक्टरच्या देखरेखीत. मेडिकलवरून गुपचूप किट आणलं तर दोन ठिकाणी घोळ होतो. आठवडे चुकीचे मोजले तर गर्भ अर्धवट पडून रक्तस्राव थांबत नाही. आणि गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर गोळ्यांचा उपयोगच होत नाही, नळी फुटली की जीवावर बेततं. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची गोळी ही वेगळी, ती गर्भपाताची नाही. हे दोन्ही एकच समजणारी मोठी माणसंही भरपूर आहेत.

कायद्याचं थोडक्यात: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ मध्ये ठरावीक गटांसाठी दोघांचं, आणि त्या गटांत अल्पवयीन मुली येतात. २४ च्या पुढे गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. बाई १८ पूर्ण असेल तर सही फक्त तिची. नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. १८ च्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यामुळे डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. मात्र सप्टेंबर २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार मुलीने आणि पालकाने विनंती केली तर तिचं नाव-ओळख त्यात न देता कळवता येतं. पोलिसांत नाव जाईल या भीतीने आठवडे घालवणाऱ्या घरांना हे माहीत नसतं.

म्हणूनच "असलं काही केलंस तर तंगडं तोडीन" हे वाक्य फार महाग पडतं. त्याने पोरगी सावध होत नाही, ती उशिरा सांगते. पालकाच्या सहीशिवाय जिथं काही होऊ शकत नाही, तिथं पालकालाच सगळ्यात शेवटी कळतं. त्यापेक्षा सांगून ठेवा: काहीही झालं तरी आधी घरी सांग, रागवू आम्ही, पण नंतर. घरात तोंड उघडत नसेल तर सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतात, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे.

मुलग्यांना या बोलण्यातून उठवून लावू नका. ओट्यावरून हाकललेली पोर निदान अर्धं ऐकून तरी जाते, मुलगा तिथं नसतोच. पुढे हाच नवरा होतो, आणि सही आपली लागते असं समजून दवाखान्यात आवाज चढवतो.

आणि एक प्रश्न येणारच, त्याची तयारी ठेवा. "आई, तू कधी केलं होतंस का?" उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. केलं असेल आणि सांगावंसं वाटलं तर दोन वाक्यांत सांगा, किती आठवड्यांचं होतं आणि का. सांगायचं नसेल तर "हे माझं खाजगी आहे, पण विषयाबद्दल काहीही विचार" एवढं म्हणा. खोटं "नाही" मात्र म्हणू नका. मामीकडून, काकूकडून, कुठल्या तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसलेलं असताना ते पोरीला कळतंच, आणि मग तुम्ही आठवडे मोजायला शिकवलेलंही तिला खोटं वाटायला लागतं.