दीड शाळा

वर्गातलं आणि ऑनलाइन शिक्षण एकत्र करायचं ठरलं, की शाळेत पहिली बैठक भरते ती ॲप कोणतं घ्यायचं यावर. एकाला त्यातलं कॅलेंडर आवडतं, दुसऱ्याला रंग आवडतो, तिसऱ्याच्या भाच्याने भलतंच काहीतरी सुचवलेलं असतं. मुलांनी त्या ॲपवर जाऊन नेमकं करायचं काय, हा मुद्दा विषयपत्रिकेवर सातवा असतो आणि सहाव्यालाच घंटा होते.

मी म्हणतो, ॲप सगळ्यात शेवटी निवडा. आधी एक कागद घ्या आणि त्याचे तीन रकाने करा. मूल जे एकटं, आपल्या गतीने, मागेपुढे करून समजून घेऊ शकतं ते पहिल्यात: व्याख्या, कृतीचं प्रात्यक्षिक, उत्तर चुकलं की तिथल्या तिथे सांगणारा सराव. जिथे मूल अडतं आणि कोणीतरी शेजारी असावं लागतं ते दुसऱ्यात: पहिली चार गणितं, प्रयोग, वाद, मोठ्याने वाचन. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ साली गैरहजर मुलांसाठी पाठ रेकॉर्ड करायला सुरुवात केली आणि त्यातून हळूहळू हीच वाटणी पुढे आली: सांगणं घरी, सोडवणं वर्गात. इथवर सगळे माना डोलावतात. तिसऱ्या रकान्याचं नाव असतं ‘काय काढून टाकलं’. घोडं पेंड खातं ते इथेच. हा रकाना कोरा राहतो आणि शाळा दीडपट होते. वर्गात सगळं पूर्वीसारखंच चालतं आणि घरी अर्धी शाळा नव्याने भरते.

हिशेब करायला गणिताचा शिक्षक लागत नाही. विषय सहा. प्रत्येक जण म्हणतो, ‘माझा फक्त बारा मिनिटांचा व्हिडिओ आहे.’ बारा मिनिटांचा व्हिडिओ थांबवत, वहीत टिपत पाहिला तर वीस मिनिटं जातात. सहा विषयांचे दोन तास झाले आणि स्वाध्याय अजून उघडलेलाच नाही. सहाही जणांचं म्हणणं खरं असतं, पण बेरीज कोणाच्याच टेबलावर नसते. म्हणून प्रत्येक इयत्तेसाठी आठवड्याचा एक सामाईक तक्ता हवा. घरी करायच्या कामाची रोजची एकूण मर्यादा त्याच्या डोक्यावर लिहायची, समजा साठ मिनिटं, आणि प्रत्येकाने त्यातूनच आपला वाटा घ्यायचा. साठ भरले की तक्ता बंद. मग बघा, शुक्रवारी दुपारी तक्ता उघडताक्षणी स्टाफरूममध्ये कशी पळापळ होते. क्रीडाशिक्षकांनी आदल्या रात्रीच दहा मिनिटं धरून ठेवलेली असतात.

आणि बारा मिनिटं तरी कशाला? फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांचा अभ्यास केला. व्हिडिओ उघडून पाहिल्याच्या एकूण ६९ लाख नोंदी त्यांनी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, सर्वसाधारण प्रेक्षक सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हता. आपल्या मर्जीने नाव नोंदवलेल्यांची ही गत. इथे तर नाव शाळेने नोंदवलंय.

रेकॉर्डिंगचं शास्त्र थोडक्यात असं. फोन आडवा धरायचा. उजेड समोरून घ्यायचा, कारण खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं की शिक्षक अज्ञात साक्षीदारासारखा दिसतो. पंखा बंद. चित्र थोडं पुसट चालतं, आवाज पुसट चालत नाही, म्हणून माइक तोंडापासून वीतभर अंतरावर. सहा मिनिटं सलग बोलायच्या फंदात पडू नका. पाच मिनिटं चाळीस सेकंदांवर शिंक येते, ती तेवढ्यासाठीच थांबलेली असते. दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे करा आणि शिंकेचा तुकडा तेवढा पुन्हा घ्या. फोनवर पूर्ण एचडीमध्ये मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी सहज होतात, म्हणजे सहा मिनिटांचा पाऊण जीबी. हेच ४८०पी, म्हणजे कमी बारकाव्याचं, करून पाठवलं तर चाळीस-पन्नास एमबीत भागतं आणि फळ्यावरचं अक्षर तरीही वाचता येतं. अक्षर मुळात वाचता येण्याजोगं असेल तर, अर्थात.

व्हिडिओ पाहिला की नाही, याची नोंद प्रणाली ठेवते. त्या नोंदीवर विसंबू नका. सहा मिनिटांचा व्हिडिओ नऊ सेकंदांत ‘पूर्ण’ झालेला दिसतो, कारण खालची पट्टी बोटाने शेवटाला ओढता येते आणि हे कौशल्य पहिलीतल्या मुलांनाही कोणी शिकवावं लागत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. चौथ्या मिनिटाला एक प्रश्न टाकायचा आणि त्याचं उत्तर तिथेच असेल, पुस्तकात नसेल, असं बघायचं.

आता थेट ऑनलाइन तास. चाळीस मिनिटांच्या तासातली पहिली सात ‘आवाज येतोय का?’ या प्रश्नात जातात. आवाज येत नसलेली मुलं या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, म्हणून तो पुन्हा विचारला जातो. मग हजेरी. पडद्यावर ‘आईचा फोन’, ‘पप्पा ऑफिस’ आणि नुसतंच ‘गॅलेक्सी’ अशी मंडळी हजर असतात. आधी रोल नंबर, मग नाव, असा नियम पहिल्या दिवशीच करावा. नंबर दोन अंकी हवा, म्हणजे ७ नव्हे, ०७. नुसता ७ लिहिला की बहुतेक यादी अक्षरानुसार लागते, १० नंबर २ च्या आधी येऊन बसतो आणि हजेरीपुस्तकाशी ताळमेळ लावताना तास संपतो. मध्येच कानठळ्या बसवणारी शिट्टी आली तर घाबरू नका. एकाच खोलीत दोन भावंडं दोन फोन घेऊन बसली आहेत, एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये बोलतोय आणि ते चक्र वाढत चाललंय. एकाला हेडफोन लावायला सांगा, नाहीतर एकाचे माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा. नुसता माइक बंद केला तरी दुसऱ्याच्या माइकमध्ये प्रतिध्वनी शिरतोच.

तरी हे सुख म्हणायचं. खरी परीक्षा अर्धी मुलं वर्गात आणि अर्धी पडद्यावर असताना. उंटावरून शेळ्या हाकाव्यात, तर इथे अर्ध्या शेळ्या वेगळ्याच गावात. लॅपटॉपचा माइक फक्त शिक्षकाचं ऐकतो. शेवटच्या बाकावरून प्रश्न येतो तेव्हा घरच्यांना काहीच ऐकू येत नाही. त्यांना एक मोठी शांतता मिळते आणि मग एकदम सरांचं वाक्य: ‘नाही, त्याला शेपूट नसते.’ कोणाला नसते, हे त्या दिवशी कोणीच सांगत नाही. प्रत्येक प्रश्न आधी स्वतः मोठ्याने पुन्हा म्हणायचा आणि मग उत्तर द्यायचं, ही सवय लागायला महिना जातो. चॅटवर लक्ष ठेवायला दर आठवड्याला एक मूल नेमायचं. शिकवता शिकवता चॅट वाचणारा माणूस दोन्हीकडे अर्धवट राहतो. माझं स्पष्ट मत आहे की अगदी नाइलाज असल्याशिवाय हा प्रकार करूच नये. दोन गट करा, आज एक वर्गात तर दुसरा घरी ठरलेलं काम करतोय, उद्या उलट. शिक्षक एका वेळी एकाच जागी असलेला बरा.

वर्गातल्या वर्गात साधनं कमी असतील तर गट फिरवायचे. मुलं तीस, टॅब दहा. एक गट टॅबवर, एक शिक्षकापाशी, एक वहीत. पंचेचाळीस मिनिटांचे पंधरा-पंधरा असे तीन भाग कागदावर सुरेख दिसतात. जागा बदलायला दोनदा तीन-तीन मिनिटं जातात, म्हणून योजनेत पंधरा न लिहिता तेराच लिहा. आणि टॅबवाल्या गटाकडून दर मिनिटाला ‘सर, हे नुसतं फिरतंय!’ अशी हाक येणार. आधी गटातल्या दोघांना विचारायचं, मग हात वर करायचा, असा नियम नसेल तर शिक्षकापाशी बसलेल्या गटापाशी शिक्षकच नसतो.

नुसतं का फिरतंय? इंटरनेटच्या बिलावर वेगाचा जो मोठा आकडा असतो तो बहुधा डाउनलोडचा, म्हणजे बाहेरून आत येणाऱ्याचा. शाळेतून थेट तास घ्यायचा तर अपलोड, म्हणजे आतून बाहेर पाठवणं, लागतं आणि ते कित्येक जोडण्यांत त्याच्या दशांशच असतं. एका थेट तासाला अपलोड साधारण दीड एमबीपीएस (सेकंदाला दीड मेगाबिट) धरा. अपलोड दहाचं असेल तर सातव्या वर्गाचे शिक्षक सुरू होताच सातही जण पुतळे होतात. शिवाय सकाळी पहिल्या घंटेला सगळे टॅब एकदम जागे होतात आणि आधी स्वतःचं अपडेट उतरवत बसतात. ते आदल्या संध्याकाळी उरकलेलं बरं. आणि राऊटर? तो चोरीला जाऊ नये म्हणून मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद असतो. तिथून लहरी बाहेर आल्याच तर त्यांचं कौतुक करावं. नेट गेलं तर काय, याची छापील कामाची पानं प्रत्येक वर्गाच्या खणात हवीतच.

पासवर्डचं एकच सांगतो. त्यात शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल ही चार भावंडं येऊ देऊ नका. प्रत्येकाचं कार्ड छापा, एक प्रत वर्गशिक्षकांकडे ठेवा. पहिला आठवडा अभ्यासक्रम अजिबात सुरू करू नका. आत शिरणं, नाव बदलणं, माइक बंद करणं, वहीचा फोटो सरळ काढून योग्य जागी टाकणं, एवढंच घोटून घ्या. हे केलं नाही की चाळीस मुलांचे सहा-सहा फोटो येतात, त्यातले निम्मे आडवे, काहींत फक्त अंगठा. दर मुलाला पाच मिनिटं धरली तरी तपासायला तीन तास वीस मिनिटं लागतात, तेही एका वर्गाचे, एका विषयाचे. म्हणून आपोआप तपासले जाणारे पाच प्रश्न आणि हाताने लिहायचा एकच प्रश्न, आठवड्यातून एकदा. आणि हे सगळं एकाच ठिकाणी. ॲपवरही टाका, ग्रुपवरही टाका, मेलही करा, असं सांगितलं की रात्री साडेदहाला पालक विचारतात, ‘मॅडम, नक्की कुठे टाकायचं?’ तेव्हा मॅडमनाही आठवत नाही.

घरून दिलेल्या चाचणीत सगळ्यांना वीसपैकी वीस मिळाले आणि चौघांच्या उत्तरात एकच शुद्धलेखनाची चूक सापडली, तर चौकशी समिती नेमू नका. घरची चाचणी सरावासाठी वापरा, गुण वर्गात द्या आणि त्या चौघांना फळ्यापाशी बोलावून ‘हे कसं आलं?’ एवढंच विचारा.

सहा आठवड्यांनी मुलांना तीन प्रश्न विचारावेत: काय गाळलंस, कुठे अडलास, किती वेळ लागला. नावं लिहायला लावू नयेत, म्हणजे उत्तरं खरी येतात. ‘व्हिडिओ दुप्पट वेगाने लावतो, सर तसे जास्त हुशार वाटतात,’ असं एखाद्या चिठ्ठीत आलं, तर तो व्हिडिओ निम्म्यावर आणता येतो असं समजायचं आणि तक्त्यातली आपली तीन मिनिटं क्रीडाशिक्षकांच्या हाती लागायच्या आत लपवायची.